मैदानाला काय द्यायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञान आणि उद्याची शाळा' असा विषय दिला होता. ही सॉफ्टवेअरवाली, दुसरं काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. मी तो बदलून मागितला. कारण असं की दिवाळीत आईकडे आले होते तेव्हा सहज शाळेच्या मैदानावर चक्कर मारली, आणि तिथे एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. तो डोक्यातून जात नाही.

मुलगा आपल्याच शाळेचा, आपल्यानंतर वीस वर्षांनी दहावी झालेला. बी.पी.एड. केलं आहे. सकाळ-संध्याकाळ मानधनावर पोरापोरींना खो-खो शिकवतो, धावणं शिकवतो. मला म्हणाला, "ताई, पतियाळाले सहा आठवड्यांचा कोर्स असते, अ‍ॅथलेटिक्सचा. जाऊ का? दीड महिन्याचं मानधन बुडते, खर्च वेगळा. आन् वापस आल्यावर पगार काही वाढत नाही. फायदा होईन का?"

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकले नाही. रात्री बॅचच्या ग्रुपवर विचारलं. तुम्हाला आठवत असेल, अर्ध्या तासात पन्नासावर मेसेज आले. निम्म्यांनी लिहिलं, कागदाने कोणी कोच होत नाही. एकाने विचारलं, आचरेकर सरांनी कुठला कोर्स केला होता? उरलेल्यांनी लिहिलं, आपण जमवलेल्या चार लाखांत शाळेला कमान बांधू, बॅचचं नाव टाकू. तेव्हा आज मी कमानीच्या विरोधात उभी आहे, हे आधीच सांगून टाकते.

आचरेकरांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, आणि १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून मोठं नाव नाही आणि शिक्षक म्हणून एवढं मोठं, असा माणूस दाखवला की कोर्सवाल्यांची बोलती बंद होते. पण तोच पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत ओ. एम. नंबियार होते. हवाई दलातला माणूस. पतियाळाला प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम करून केरळात गेला आणि त्याच्या हाती पी. टी. उषा लागली. आता एका बाजूला आचरेकर आणि दुसऱ्या बाजूला नंबियार ठेवून रात्रभर भांडता येईल, निष्पन्न काहीच होणार नाही. आपल्याला आठवतात ते जिंकलेल्यांचे गुरू. ज्यांच्या हाताखालची पोरं दुसऱ्या वर्षी मैदानावर आलीच नाहीत, त्यांची नावं कोणाकडे आहेत? त्या पोरांची तर नाहीच नाहीत.

त्यांपैकी एक मी आहे. आता जे सांगणार ते सरांना फोन करून, त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे.

१९९५ साली आपली मुलींची खो-खोची टीम विभागीय सामन्यांसाठी एस.टी.ने अकोल्याला गेली होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा आम्ही चिवडा खाल्ला, तेवढा एक आनंद त्या दिवसाचा शिल्लक आहे. मी खांबाजवळची खेळाडू. दुसऱ्या डावात पाठलाग करताना खांबाला वळसा घातला, पाय जमिनीत रुतला, अंग फिरलं आणि गुडघा तिथेच राहिला. 'कट्' असा आवाज मला ऐकू आला. सरांनी उचलून बाजूला नेलं, पाय ओढून पाहिला, घरी आल्यावर तेलाने चोळायला सांगितलं. तीन आठवड्यांनी मी परत मैदानावर. गुडघा मधूनच निसटायचा. सर म्हणायचे, भीती मनातली आहे, बेडूकउड्या घाल, ताकद येईल. मी घातल्या. डिसेंबरनंतर मी मैदानावर येणं बंद केलं आणि घरी सांगितलं की दहावीचा अभ्यास आहे. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, एमआरआय झाला. आतला क्रुसिएट लिगामेंट कधीचा तुटलेला होता.

मला सरांवर राग नाही. आपल्यापैकी कोणाला तरी तसं वाटेल म्हणून मुद्दाम सांगते. पहाटे साडेपाचला सायकलवर येऊन चुन्याच्या रेषा स्वतः मारणारा हा माणूस आहे. फी भरायला पैसे नसलेल्या दोघींची प्रवेश फी त्यांनी खिशातून भरली होती, हे मला फार उशिरा कळलं. पण फोनवर मी विचारलं, सर, तुमच्या कोर्समध्ये गुडघ्याचं काही शिकवलं होतं का? सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अवं पोरी, मले दोनशे सहा हाडं पाठ होते. शरीरशास्त्राच्या पेपरात फर्स्ट क्लास होता माह्या. त्या लिगामेंटचं नावही लिहिलं होतं. पन पोरगी उडी मारून खाली येते तेव्हा तिचा गुडघा आत वळते का बाहेर, हे कोनं मैदानात उभं राहून दाखोलंच नाही."

माझ्या मते सगळा विषय या वाक्यात आहे. सर अशिक्षित नव्हते. औपचारिक शिक्षण त्यांना मिळालं होतं, पेपर होते, गुण होते. फक्त ते शिक्षण वर्गात सुरू झालं आणि वर्गातच संपलं. पाठ केलेलं हाड आणि मैदानावरची मुलगी यांची गाठ कोणी घालून दिली नाही.

इथे एक घोटाळा आपण सगळेच करतो. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक तयार करणारी पदवी. सगळ्या वर्गाला कवायत, आरोग्य, थोडे थोडे सगळे खेळ. प्रशिक्षक ही वेगळी गोष्ट. एका खेळात एका मुलाला वर्षानुवर्षं पुढे नेणं. त्यासाठी आपल्याकडे १९६१ साली पतियाळाच्या महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. तिथे एक वर्षाची पदविका असते आणि ज्यांना एवढा वेळ नाही त्यांच्यासाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. आपल्या शाळांमध्ये मात्र एकाच माणसाने सकाळी प्रार्थना घ्यायची, दुपारी पोषण आहाराचा हिशेब लिहायचा आणि संध्याकाळी राज्य पातळीचा धावपटू घडवायचा, अशी अपेक्षा असते.

अमरावतीकरांना हे नवीन सांगायला नको. आपल्या गावात वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी आणि आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. १९६७ मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं. एका आखाड्याचं कॉलेज होणं ही लहान गोष्ट नाही. लहानपणी मी मावशीचं बोट धरून तिथे मल्लखांब बघायला जायची. एक गोष्ट तेव्हा बघितली, समजली नव्हती. नवा पोरगा खांबावर चढला की खाली एक थोराड पोरगा हात वर करून उभा राहायचा. त्याची नजर वरच्याच्या कमरेवर. आणि त्या थोराडाच्या मागे एक वस्ताद, त्यांची नजर थोराडाच्या हातावर. पोराला शिकवणारा शिकत होता, आणि त्याला शिकताना कोणीतरी बघत होतं. कॉलेज झाल्यावर वर्ग आले, परीक्षा आल्या, ते यायलाच हवे होते. पण मागे उभ्या राहणाऱ्या त्या तिसऱ्या माणसाची जागा कुठल्याही प्रमाणपत्राने भरून निघत नाही.

ही माझी भावना झाली. मी इंजिनिअर आहे, मोजलेलं काही आहे का म्हणून शोधलं. आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉलचे प्रशिक्षक निवडले. मैदानाच्या कडेला माणसं बसवून प्रशिक्षक काय काय करतो याची नोंद केली. मूल चुकलं की ओरडला, का धीर दिला, का कसं करायचं ते सांगितलं. मग प्रशिक्षकांना विचारलं, तुम्ही काय करता? आणि मुलांनाही विचारलं. प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याचा फारसा पत्ताच नव्हता. मुलांनी सांगितलेलं नोंदींशी जास्त जुळलं. (घरोघरी वेगळी परिस्थिती असेल असं मला वाटत नाही. माझ्या मुलीला विचारा मी किती ओरडते.)

पुढे त्यांनी ३१ प्रशिक्षकांपैकी १८ जणांना एक छोटं प्रशिक्षण दिलं, त्यांच्याच नोंदी त्यांना दाखवल्या आणि स्वतःची वही ठेवायला लावली. निकाल १९७९ मध्ये छापून आला. शिकलेल्या प्रशिक्षकांचे संघ जास्त सामने जिंकले का? नाही. काही फरक नाही. पण त्यांच्या मुलांना खेळ जास्त आवडला, एकमेकांशी जास्त पटलं, आणि जी मुलं आधी स्वतःला कमी समजत होती त्यांचा आत्मविश्वास वाढला. १९९२ मध्ये याच मंडळींनी अजून एक निकाल छापला. साध्या प्रशिक्षकांच्या हाताखालची शेकडा २६ मुलं पुढच्या हंगामात परत आली नाहीत. अडीच तासांचा वर्ग केलेल्या प्रशिक्षकांची शेकडा ५.

अडीच तास. दोन वर्षांची पदवी नाही, सहा आठवडेही नाहीत. कमी शिकवलं, नेमकं शिकवलं आणि शिकवल्यावर बघितलं. हा आकडा वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गुडघ्याचंही आहे. उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत मुलींचा हा लिगामेंट मुलांपेक्षा दुपटीहून जास्त वेळा तुटतो. नॉर्वेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी सरावाआधीची एक कवायत बनवली होती, उडी मारून नीट उतरायचं कसं, वळायचं कसं अशी. पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा शून्य उपयोग. चौकशी केली तर संघांनी ती फारशी केलीच नव्हती. मग वीस मिनिटांची सुधारित कवायत बनवली आणि १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर पाहिली. २००८ मध्ये निकाल आला, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर. पुढे कॅनडात याच कवायतीचं आणखी एक करून पाहिलं. काही संघांना नुसती वेबसाइट दिली, काहींच्या प्रशिक्षकांना कार्यशाळेत उभं करून शिकवलं. कार्यशाळावाल्या संघांनी ती कितीतरी जास्त नियमाने केली. नुसत्या वेबसाइटने झालं नाही. हे मी सांगते आहे, जी दिवसभर वेबसाइटवरच पोट भरते.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं, कारण ग्रुपवर एकाने मला टोमणा मारला होता की तुझ्या डिग्रीचा तरी तुला काय उपयोग झाला. खरं सांगू? कॉलेजात शिकलेली एकही प्रोग्रामिंगची भाषा मी आज वापरत नाही. पण नवी भाषा समोर आली की ती आतून कशी चालत असेल, हे मला कळतं ते त्या चार वर्षांमुळे. आणि काम करायला मी शिकले ती कोड रिव्ह्यूमध्ये. म्हणजे मी लिहिलेलं प्रत्येक पान दुसरं कोणीतरी वाचतं, खुणा करतं, परत पाठवतं. पहिल्या वर्षी रडू यायचं. आज माझं लिहिलेलं कोणी न वाचता पुढे ढकललं तर मला झोप लागत नाही. डिग्री नसती तर रिव्ह्यू कळला नसता, रिव्ह्यू नसता तर डिग्री कपाटात राहिली असती. आपल्या मैदानावरच्या मुलाला पहिलं मिळालं आहे. दुसरं त्याच्या नशिबात नाही. तो एकटा आहे. त्याची शिटी चुकली तर सांगायला कोणी नाही.

प्रशिक्षक एकटा नसला की काय होतं याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. साताऱ्याकडच्या सरडे गावातल्या मजुराचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने त्याला हेरलं, धावायला लावलं. मग तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, आणि तिरंदाजी शिकायला अमरावतीला. गावच्या शिक्षकाला धनुष्य येत असण्याची गरज नव्हती. पोराला पुढे कोणाकडे सोपवायचं ते कळलं. पुढे ज्यांनी घेतलं त्यांना धनुष्य येत होतं. एकाच माणसाने सगळं करायला हवं होतं असं म्हटलं असतं तर हा मुलगा आज कुठे असता, विचार करा.

आणि आपला खो-खो आता गल्लीतला राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अंतिम सामना मी मोबाइलवर बघत होते. सामना मॅटवर. मुली खांबाला वळसा घालत होत्या तेव्हा मी त्यांचे चेहरे बघितलेच नाहीत. गुडघे बघत होते.

तर आता पैशाचं. माझं म्हणणं असं.

मुलाला पतियाळाला पाठवू. खर्च आणि बुडणारं मानधन, दोन्ही आपण देऊ. पण तेवढ्यावर थांबलो तर तोही दोनशे सहा हाडं पाठ करून परत येईल. म्हणून परत आल्यावर एक वर्ष, महिन्यातून दोनदा, गावातला एखादा अनुभवी प्रशिक्षक आणि एक फिजिओथेरपिस्ट सरावाला येऊन बसतील. शिकवायला नाही, त्याला शिकवताना बघायला. सराव संपला की पाऊण तास त्याच्याशी बोलायचं. त्यांचा येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आपलं. मी हिशेब केला आहे, चार लाखांत हे सगळं बसून थोडे उरतात. उरलेल्यांत पाण्याची टाकी आणि सावलीला पत्रा. आपल्याकडे मार्चपासून ऊन काय असतं ते ठाऊक आहे, आणि 'सरावात पाणी पिऊ नका, पोटात दुखेल' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

आणि वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापिका मॅडमना आपण कप किती आले हे विचारायचं नाही. एक वही ठेवायची. जूनमध्ये किती पोरं आली, मार्चमध्ये किती उरली, जी गेली ती का गेली, कोणाला काय लागलं. चार रकाने. कृपा करून याचं अ‍ॅप बनवा असं मला कोणी सांगू नका. वही आणि पेन पुरे.

हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, असं नाही. १९९५ मध्ये वही असती तर माझ्या नावापुढे कारण म्हणून 'दहावीचा अभ्यास' एवढंच लागलं असतं, कारण मी खोटं सांगितलं होतं. म्हणून मुलांना विचारणारं माणूस प्रशिक्षक सोडून दुसरं कोणी हवं. मराठीच्या मॅडमनी ते घ्यायचं कबूल केलं आहे.

कमानवाल्यांनी रागावू नये. मतदान जेवणानंतर आहे, आणि मी हरले तर कमानीचे पैसेही देईन.

एक शेवटची अडचण. अभ्यासक्रम उन्हाळ्यात असतो, आणि तेव्हाच आपल्या मैदानावर सुटीचं शिबिर. सहा आठवडे मैदान सांभाळायला माणसं लागतील. काल सरांचा फोन आला. चौऱ्याहत्तर वय आहे त्यांचं, पण सकाळची पाळी ते घेणार आहेत, खुर्ची टाकून. संध्याकाळी साडेपाच ते सात मोकळं आहे. गावात राहणाऱ्यांनी चहाच्या टेबलाजवळच्या कागदावर नाव आणि वार लिहावा. पहिले दोन आठवडे मी सुटी टाकून येते आहे. पोरांना बेडूकउड्या घालायला लावायच्या नाहीत, असं सरांनी मुद्दाम सगळ्यांना सांगायला सांगितलं आहे.